सुराबायाचा लाल पूल

आमच्या गावाकडच्या घरात माजघरातल्या कपाटात एक पत्र्याची पेटी आहे. ती माझ्या आजोबांची. दुसऱ्या महायुद्धात ते बेळगावच्या मराठा पलटणीत शिपाई होते. ब्रह्मदेशाच्या सीमेवर मणिपूरच्या डोंगरांत १९४४ च्या मार्च महिन्यात सांगशाक येथे जी घनघोर लढाई झाली, तीत ते होते. त्या लढाईच्या गोष्टी ते रंगवून सांगत. ब्रह्मदेशच्या मोहिमेचे पदक त्यांनी चौकट करून सोप्याच्या भिंतीवर लावले होते. दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्या पदकालाही फूल वाहिले जाई. मात्र पेटीत एका जुन्या धडप्यात गुंडाळलेले आणखी एक पदक होते. त्यावर बादशहा सहाव्या जॉर्जचा मुखवटा होता आणि वरच्या पट्टीवर इंग्रजीत ‘एस. ई. एशिया १९४५–४६’ अशी अक्षरे होती. ते पदक भिंतीवर कधी आले नाही.

लहानपणी मी एकदा विचारले, “आजोबा, हे कुठल्या लढाईचं?” त्यांनी पदक माझ्या हातातून घेतले, पुन्हा गुंडाळले आणि म्हणाले, “जावाचं. पोरं होती रे तिथं. आपल्या तालमीतल्या पोरांएवढी. हातात बांबूचे भाले.” थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे ते पुढे म्हणाले, “सारखी ओरडायची, ‘मर्देका, मर्देका’. आम्हांला वाटायचं, आम्हांलाच विचारतायत. मर्द का?”

मी दहावीत असताना आजोबा गेले. पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झालो, सरकारी शाळेत शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. इतिहासाचे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तासही घेऊ लागलो. परंतु ‘मर्देका’ या शब्दाचा अर्थ मला कितीतरी उशिरा कळला. त्याचा अर्थ स्वातंत्र्य. संस्कृतातील ‘महर्द्धिक’, म्हणजे मोठ्या ऐश्वर्याचा, थोर, या शब्दापासून तो जावात पोहोचला, डचांच्या काळी मुक्त झालेल्या गुलामांना लावला गेला आणि शेवटी एका राष्ट्राची घोषणा बनला. हा अर्थ कळल्यापासून आजोबांचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

माझा भाचा कापड गिरणीतला इंजिनियर. दोन वर्षांसाठी त्याची नेमणूक इंडोनेशियात सुराबाया येथे झाली आणि त्याने आग्रहाने बोलावले. उन्हाळी सुटी लागताच मी निघालो. बाली बेटाची सहल आखून ठेवलेल्या भाच्याला मी सांगितले की, मला बाली नको, मला आधी लाल पूल पाहायचा आहे.

सुराबाया हे जावा बेटाच्या पूर्वेकडील मोठे बंदर. हवा आपल्या कोकणासारखी दमट आणि उकाडाही तसाच. रस्त्यांवर दुचाकींची इतकी गर्दी, की पलीकडे जाण्यासाठी भाच्याने माझा हात धरला. गावाच्या नावाची व्युत्पत्ती तेथील लोक दोन प्रकारे सांगतात. ‘सुरो’ म्हणजे शार्क मासा आणि ‘बोयो’ म्हणजे मगर, या दोघांच्या झुंजीवरून नाव पडले, ही लोककथा. दुसऱ्या मताप्रमाणे त्यात आपलेच ‘शूर’ आणि ‘भय’ हे शब्द आहेत. संकटात जो शूर, त्याचे हे गाव. मराठीच्या शिक्षकाला दुसरे मत आवडावे, यात नवल नाही.

प्रथम आम्ही मजापहित हॉटेल पाहिले. डचांच्या काळात याचे नाव ओरान्ये, जपान्यांच्या काळात यामातो. १७ ऑगस्ट १९४५ रोजी जकार्तात सुकार्नो व हट्टा यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली होती. ती घोषणा अवघ्या दोन वाक्यांची आहे. जपानने नुकतीच शरणागती पत्करली होती, दोस्तांचे सैन्य अद्याप यायचे होते. त्या मधल्या फटीत एका घराच्या अंगणात ती वाचली गेली आणि सुकार्नोंच्या पत्नी फत्मावती यांनी शिवलेला लाल-पांढरा ध्वज उभारला गेला. महिनाभराने, १९ सप्टेंबरला, सुराबायाच्या या हॉटेलवर काही डचांनी आपला लाल-पांढरा-निळा झेंडा चढवला. साडेतीनशे वर्षांची सवय अशी एका घोषणेने जात नाही! चिडलेली तरुण मुले भिंत चढून वर गेली, त्यांनी झेंड्याची खालची निळी पट्टी फाडून टाकली आणि उरलेला लाल-पांढरा तुकडा पुन्हा वर चढवला.

तेथून आम्ही लाल पुलाकडे गेलो. जेम्बातान मेराह हे त्याचे नाव. पूल म्हणून त्यात पाहण्यासारखे फार नाही. कालीमास नदीवरचा एक आखूड पूल, तांबडे रंगवलेले कठडे, खाली मंद, गढूळ पाणी. पलीकडे इंटरनॅशिओ या डच व्यापारी कंपनीची जुनी इमारत उभी आहे. मी कठड्याला हात लावून उभा राहिलो. याच परिसरात कोठेतरी माझे आजोबा वयाच्या चोविसाव्या वर्षी बंदूक घेऊन उभे असणार.

घडले ते असे. जपान्यांना निःशस्त्र करणे आणि त्यांच्या छावण्यांत खितपत पडलेल्या युद्धकैद्यांना व डच कुटुंबांना सोडवणे, या कामासाठी ब्रिटिशांनी जावात सैन्य पाठवले. ते सैन्य बव्हंशी हिंदी होते. २५ ऑक्टोबर १९४५ रोजी सुराबायाला ब्रिगेडियर मॅलबी यांची ४९ वी ब्रिगेड उतरली. तीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन पलटणी होत्या आणि राजपुताना रायफल्सची एक. मॅलबींनी स्थानिक नेत्यांशी समझोता केला, की इंडोनेशियन लोकांची शस्त्रे काढून घेतली जाणार नाहीत. पण दोनच दिवसांत जकार्ताहून आलेल्या विमानाने शहरावर पत्रके टाकली : अठ्ठेचाळीस तासांत शस्त्रे खाली ठेवा, नाहीतर गोळी घातली जाईल. दिलेला शब्द वरच्या वरच मोडला गेला. शहर खवळून उठले. ब्रिगेड लहान लहान तुकड्यांनी शहरभर विखुरलेली होती. त्या तुकड्यांना हजारोंच्या जमावाने वेढले. डच स्त्रियांना व मुलांना हलवणाऱ्या मोटारींच्या ताफ्यावरही हल्ला झाला आणि त्यांचे रक्षण करताना हिंदी शिपाई मेले. लढाई थांबवण्यासाठी सुकार्नोंना विमानाने आणावे लागले. तरीही ३० ऑक्टोबरला, याच पुलाजवळच्या चौकात, मॅलबी मारले गेले. गोळी कोणी घातली याविषयी अजून वाद आहे.

त्यानंतर आणखी मोठे सैन्य उतरले. ९ नोव्हेंबरला निर्वाणीचा खलिता निघाला आणि १० नोव्हेंबरला सकाळी सहा वाजता मुदत संपताच रणगाडे, विमाने व युद्धनौकांच्या तोफा यांनी शहरावर हल्ला चढवला. बुंग तोमो नावाचा पंचविशीतला तरुण नभोवाणीवरून लोकांना लढण्याचे आवाहन करीत होता. शहर पूर्ण ताब्यात यायला सुमारे तीन आठवडे लागले. हजारो इंडोनेशियन मेले, लाखो लोक गाव सोडून गेले. १० नोव्हेंबर हा दिवस तेथे आजही ‘हारी पहलावान’, म्हणजे वीरदिन म्हणून पाळला जातो. ‘पहलावान’ हा शब्द आपल्या पैलवानाचा सख्खा भाऊ. दोघेही फारसीतून आले. तालमीतल्या पोरांची आठवण आजोबांना का यावी, हे मला हा शब्द वाचताना उमगले.

वीरांच्या स्मारकस्तंभाला ‘तुगू पहलावान’ म्हणतात. सुमारे एकेचाळीस मीटर उंचीचा हा स्तंभ मोकळ्या मैदानात उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी संग्रहालय आहे. तेथे टोकदार बांबू आहेत, जुन्या बंदुका आहेत, बुंग तोमोंचे छायाचित्र आहे. एका छायाचित्रात हिंदी शिपाई दिसले. चेहरे स्पष्ट नव्हते. मी चष्मा पुसून पुसून पाहत राहिलो.

शेजारी एक वयस्क गृहस्थ चार-पाच शाळकरी मुलांना काही समजावून सांगत होते. मला तेथेच खिळलेला पाहून त्यांनी इंग्रजीत चौकशी केली. ते निवृत्त इतिहासशिक्षक निघाले. मीही मुख्याध्यापक आहे, हिंदुस्थानातून आलो आहे असे सांगितल्यावर त्यांना आनंद झाला आणि ते नेहरूंविषयी बोलू लागले. मला गप्प राहता आले असते. नेहरूंच्या नावाने मिळणारा मान पदरात घेऊन मी परत येऊ शकलो असतो. भाचा माझ्याकडे पाहत होता. पण मुलांना खोटे बोलू नका म्हणून तीस वर्षे सांगत आल्यावर त्या छायाचित्रासमोर मला ते जमेना. मी म्हणालो, “माझे आजोबा येथे होते. दुसऱ्या बाजूला.”

गृहस्थ क्षणभर थांबले. मग त्यांनी विचारले, “त्यांना आमचा शब्द ठाऊक होता?”

“मर्देका? होय. तो तेवढाच त्यांनी आम्हांला सांगितला.” आणि मराठीत त्या शब्दातून कोणता प्रश्न ऐकू येतो, तेही मी त्यांना समजावून सांगितले.

ते हसले नाहीत. त्यांनी ते आपल्या भाषेत मुलांना सांगितले. मुले माझ्याकडे पाहत राहिली. नंतर ते मला म्हणाले, “बापाक, काही शेकडा हिंदी शिपाई आमच्या बाजूला आले, ते आम्ही लक्षात ठेवतो. जे आले नाहीत, त्यांनाही घरी परत जायचे होते. त्यांचा देश तेव्हा त्यांच्या हातात कोठे होता?” ‘बापाक’ म्हणजे वडील माणसाला लावायचा आदराचा शब्द. मला काही बोलता आले नाही. मी त्यांचा हात हातात घेतला, इतकेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही आगगाडीने योग्यकर्त्याला निघालो. चार-पाच तासांचा प्रवास. दोन्ही बाजूंना भातखाचरे, नारळी, मधूनच धूसर ज्वालामुखी. खिडकीशी बसून मी त्या निवृत्त शिक्षकांच्या प्रश्नाचा विचार करीत होतो. आपला देश आपल्या हातात आहे, हे केव्हा म्हणायचे? इंडोनेशियाने ते १७ ऑगस्ट १९४५ ला म्हटले. हॉलंडने ते २७ डिसेंबर १९४९ ला मान्य केले. या दोन तारखांमध्ये सव्वाचार वर्षे आहेत आणि ती वर्षे योग्यकर्त्याने पाहिली आहेत.

जकार्तात डच सैनिकांचा जाच वाढला, तेव्हा ३ जानेवारी १९४६ च्या रात्री सुकार्नो, हट्टा व त्यांचे सहकारी गुपचूप आगगाडीत बसले आणि योग्यकर्ता ही प्रजासत्ताकाची राजधानी झाली. तेथील सुलतान नववे हामेंगकुबुवोनो यांनी आपले राज्य प्रजासत्ताकाच्या पाठीशी उभे केले. मार्च १९४७ मध्ये लिंगारजातीच्या करारावर सह्या झाल्या. जावा, मदुरा व सुमात्रा येथे प्रजासत्ताकाची सत्ता आहे हे डचांनी त्यात कबूल केले. चारच महिन्यांनी, २१ जुलैला, त्यांनी चढाई केली आणि तिला नाव दिले ‘पोलिसी कारवाई’. म्हणजे प्रश्न घरातला आहे, परक्यांनी बोलू नये! जानेवारी १९४८ मध्ये रेनव्हिल या अमेरिकन जहाजावर दुसरा करार झाला आणि त्यात प्रजासत्ताकाचा मुलूख आणखी आक्रसला. १९ डिसेंबर १९४८ रोजी तर योग्यकर्ताच पडले. सुकार्नो-हट्टा कैद झाले. सरसेनापती सुदिर्मान क्षयाने जर्जर होते, एका फुफ्फुसावर जगत होते. ते डोलीत बसून रानात गेले आणि तेथून गनिमी काव्याने लढले. शिवरायांच्या मुलखातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सुमात्रात शाफरुद्दीन प्रविरनगारा यांनी हंगामी सरकार चालू ठेवले. राजधानी नाही, राष्ट्राध्यक्ष कैदेत, पण राष्ट्र आहे! १ मार्च १९४९ ला गनिमांनी योग्यकर्त्यात घुसून सहा तास शहर ताब्यात ठेवले. जगाला कळावे एवढ्यासाठीच ते सहा तास होते. त्यांचे स्मारक शहराच्या मध्यभागी जुन्या डच किल्ल्याशेजारी आहे.

या काळात आपल्या देशाने जे केले, ते वाचून माझ्या मनावरचे ओझे काहीसे हलके झाले. हिंदी सैन्य जावात वापरण्यास नेहरूंनी १९४५ मध्येच उघड विरोध केला होता. सिडनी बंदरात ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांनी डच जहाजांवर बहिष्कार टाकला, तेव्हा हिंदी खलाशीही त्यात उतरले. १९४६ साली आपल्याकडे अन्नाची भीषण टंचाई असताना, स्वतः वेढ्यात असलेल्या या प्रजासत्ताकाचे पंतप्रधान सुतान शाहरीर यांनी हिंदुस्थानला पाच लाख टन तांदूळ देऊ केला. मोबदल्यात त्यांना कापड व अवजारे हवी होती. १९४७ च्या जुलैमध्ये ओरिसाचे बिजू पटनाईक स्वतः विमान घेऊन जावात गेले आणि शाहरीर यांना बाहेर घेऊन आले. त्याच महिन्याच्या २९ तारखेस पटनाईकांच्या कंपनीचे, औषधे घेऊन निघालेले डाकोटा विमान डचांनी योग्यकर्त्याजवळ पाडले. त्यात इंडोनेशियन वायुदलाचे संस्थापक अदिसुचिप्तो व अब्दुलरहमान सालेह मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच दिवशी हिंदुस्थान व ऑस्ट्रेलिया यांनी हा प्रश्न सुरक्षा समितीपुढे नेला. आपले स्वतःचे स्वातंत्र्य तेव्हा पंधरवड्यावर होते! डिसेंबर १९४८ मध्ये आपण डच विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली आणि जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत इंडोनेशियासाठी राष्ट्रांची परिषद भरवली. ज्या देशाचे शिपाई १९४५ साली सुराबायावर चालून गेले, त्याच देशाने ताबा स्वतःकडे येताच अवघ्या तीन वर्षांत हे केले. निवृत्त शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर यात होते.

योग्यकर्त्यात मी गजमद विद्यापीठ मुद्दाम पाहिले. त्याची स्थापना १९ डिसेंबर १९४९ ची, शहर पडल्याला नेमके वर्ष झाले त्या दिवशीची. आरंभीचे वर्ग सुलतानाने आपल्या राजवाड्याच्या मंडपांत भरवू दिले. सत्तांतराला अजून आठ दिवस होते आणि यांनी वर्ग सुरू केले होते, याचे शिक्षक म्हणून मला फार कौतुक वाटले.

हेगच्या गोलमेज परिषदेनंतर २७ डिसेंबर १९४९ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या राजवाड्यात राणी जुलियाना व हट्टा यांनी सह्या केल्या. पण त्या कागदाची किंमत पाहा. डच वसाहत सरकारचे ४३० कोटी गिल्डरचे कर्ज नव्या राष्ट्राच्या माथी मारले गेले. त्यात इंडोनेशियाविरुद्ध लढण्याचा खर्चही धरलेला आहे, अशी तक्रार इंडोनेशियन प्रतिनिधी करीत राहिले. मळे, तेल, जहाजे, बँका यांतले डच हक्क शाबूत राहिले. पश्चिम न्यू गिनी हॉलंडने स्वतःकडेच ठेवले. ध्वज एकाचा आणि खतावणी दुसऱ्याची, अशी ती स्थिती. मध्यवर्ती चलनाची जावा बँक १९५१ मध्ये राष्ट्रीय करण्यात आली, १९५६ मध्ये हेगचे करार मोडून उरलेले कर्ज नाकारण्यात आले, १९५७ च्या अखेरीपासून डच कंपन्या ताब्यात घेतल्या गेल्या. या शेवटच्या पावलाने व्यापार विस्कळीत झाला, जहाजे कमी पडली, महागाई भडकली. पश्चिम न्यू गिनी १९६३ साली मिळाले, परंतु १९६९ मध्ये तेथील लोकांचा कौल घेताना निवडलेल्या हजाराहून थोड्या अधिक माणसांनाच विचारले गेले. तेथील असंतोष अजून शमलेला नाही. ज्यांनी आपले स्वातंत्र्य इतके सोसून मिळवले, त्यांनी दुसऱ्यांना विचारताना असा हात आखडावा, हे मला खटकले. लिहिताना ते गाळणे योग्य नव्हे.

आणि हॉलंडचे काय? १७ ऑगस्ट या तारखेचा नैतिक अर्थ मान्य करायला त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी २००५ साल उजाडू दिले. २०२० मध्ये राजे विलेम-अलेक्झांडर यांनी अतिरेकी हिंसेबद्दल क्षमा मागितली. ती हिंसा तुरळक नव्हती, सर्रास होती, असा निष्कर्ष डच संशोधकांनीच २०२२ मध्ये काढला. तेथील पंतप्रधान रुटे यांनी १७ ऑगस्ट १९४५ ही तारीख पूर्णपणे व बिनशर्त मान्य असल्याचे संसदेत सांगितले ते जून २०२३ मध्ये. दोन वाक्यांचा तो कागद मान्य व्हायला अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली.

परत आल्यावर शाळा उघडली. पंधरा ऑगस्टच्या भाषणात मी मुलांना या देशाची गोष्ट सांगितली. आपल्या २६ जानेवारी १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला सुकार्नो प्रमुख पाहुणे होते, हेही सांगितले. भाषण संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, मग त्यांचं स्वातंत्र्य खरं कुठल्या तारखेला?” मी म्हणालो, “बाळ, ते म्हणतात त्या तारखेला. बाकीच्या तारखा इतरांना कबूल करायला किती वेळ लागला त्याच्या आहेत.” तिचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. पुढच्या इयत्तांत ती पुन्हा विचारील, अशी आशा आहे.

त्या रविवारी गावाकडे गेलो आणि पेटी उघडली. पदक भिंतीवर लावावे असे मला तरीही वाटले नाही. आजोबांनी जे लपवले, ते मिरवण्याचा अधिकार मला नाही. मात्र त्या धडप्यात मी एक चिठ्ठी घालून ठेवली आहे. तिच्यावर सुराबाया, ऑक्टोबर १९४५ एवढे लिहिले आहे आणि त्याखाली ‘मर्देका’ हा शब्द त्याच्या अर्थासह. माझ्या नातवंडांनी पेटी उघडली, तर त्यांना माझ्यासारखी पन्नाशी उलटेपर्यंत वाट पाहावी लागू नये.